घंटीचा एक ठोका

आमच्या गल्लीत पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक कारागीर राहतो. सगळे त्याला कानसेन म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो रागावत नाही. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारायचा, संध्याकाळी हातपाय धुऊन गाणं ऐकत बसायचं, हा त्याचा क्रम. गाणी नव्हे, गाणं. एकच.

ते गाणं फार जुनं. त्याच्या धाकट्या भावाने त्यात घंटी वाजवली होती. पहिलं कडवं संपल्यावर एक ठोका, बस्स. रेकॉर्ड निघाली आणि पुढच्याच वर्षी भाऊ तापाने गेला. त्याचं नाव निघालं की आईच्या हातातलं काम गळून पडायचं, म्हणून घरात ते नाव कुणी काढेनासं झालं. आई गेली तरी सवय राहिली. बायकोलाही एवढंच ठाऊक, की आपल्याला एक दीर होता.

रेकॉर्ड केव्हाच फुटली. इतक्या वर्षांनी ते गाणं मोबाईलवर सापडलं, तेव्हा कानसेनाने श्वास रोखून ऐकलं. पहिलं कडवं संपलं. ठोका आला नाही.

"यात गाण्यातलं काही गळतं का रे?" त्याने मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला विचारलं.

"गळतं तर! फाईल लहान करायला गाणं दाबतात, काका. बारीक आवाज आधी जातात. न दाबलेली फाईल घ्या, भली मोठी असते."

मोठी फाईल आली. ठोका आला नाही. मग आवाज स्वच्छ करणारी एक डबी मोबाईल आणि स्पीकरच्या मधे बसली. नवे स्पीकर आले, भिंतीपासून हातभर पुढे सरकले आणि त्याने स्वतः बनवलेल्या पेट्यांवर, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर चढले. पत्रा थरथरतो म्हणून पेट्यांत वाळू भरली. आवाज आपटून परत येऊ नये म्हणून समोरच्या भिंतीवर जाड रजई टांगली.

"पाहुणे विचारतात, तुमच्या भिंतीला थंडी वाजते का," बायको म्हणाली.

"वाजते म्हणून सांग."

दर खेपेला गाणं उजळत गेलं. डग्ग्यावर घासलेला तळहात आला, दोन ओळींच्या मधला गाणारीचा श्वास आला. ज्याच्यासाठी तो बसायचा, तेवढंच येत नव्हतं.

एका दुपारी तो पुन्हा स्पीकर सरकवत होता. बायको दारात कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"आता आणखी काय राहिलंय हो? इतकं छान तर वाजतंय. ती घंटी तर किती गोड!"

त्याचे हात थांबले. "कुठली घंटी?"

"कडवं संपल्यावर नाही का होत, टिंग? नुसत्या मोबाईलवर लावायचात ना, तेव्हापासून ऐकतेय मी. स्वयंपाकघरातून."

तो पेटीवर बसला. बाहेर पत्र्याच्या तुकड्यांवर हातोडा पडला होता. जन्मभर कानाशी वाजलेला. त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"बारीक आवाज आधी जातात," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"फाईल चांगली आहे म्हणतो."

मग त्याने तिला भावाबद्दल सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. तिने हातातली घडी बाजूला ठेवली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"घंटी वाजली की माझा हात दाब," तो म्हणाला.

गाणं सुरू झालं. कडवं संपलं. तिने त्याचं मनगट दाबलं. त्याला काही ऐकू आलं नाही.

"वेळेवर आली, की उशिरा?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण किंचित मागून आली. सगळे थांबल्यावर."

"तोच," तो म्हणाला. "त्यापायी किती बोलणी खायचा!"

तिने त्याचा हात सोडला नव्हता. "आवाज वाढवू का?"

"नको. तुला बरा वाटेल एवढाच ठेव," तो म्हणाला. "आणि पुन्हा लाव."