न केलेला मुक्काम

बाहरेनमधल्या आम्हा कोकणी लोकांना लीव्ह मिळते ती गावाला जाण्यासाठी. दुसरीकडे कुठे जातो म्हटलं तर लोक काळजीने बघतात, घरी भांडण झालंय की काय म्हणून. मी मुहर्रकला विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात कारकून. जगभर जाणाऱ्या खोक्यांचे कागद रोज हातावेगळे करतो, पण स्वतः बाहरेन आणि रत्नागिरी सोडून कुठे गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता.

बायकोचं तसं नव्हतं. तिच्या वडिलांची मुंबई-गोवा हायवेवर खानावळ होती, वर उतारूंसाठी दोन खोल्या. चौपदरीकरणात ती गेली. पुढे बुसैतीनच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून तिने फोनवर जपानमधलं एक गाव बघितलं. पायी प्रवासाच्या काळातल्या राजरस्त्यावरचं मुक्कामाचं ठिकाण. दगडी फरसबंदीचा चढ, दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची घरं, सरदार आणि व्यापारी उतरायचे त्या खानावळी. रहदारी केव्हाच दुसऱ्या रस्त्याने गेली, पण लोकांनी घरं जपली. तो व्हिडिओ तिने किती वेळा बघितला असेल कोण जाणे.

"आम्ही जन्मभर लोकांना उतरवून घेतलं," ती एकदा म्हणाली. "मी कधी कुणाकडे उतरले नाही. एक रात्र मला तिथे न्याल?"

लग्नानंतर तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी हो म्हटलं. आधी जपान, मग तिथूनच गाव, असं ठरलं. एका खानावळीशी तिने स्वतः पत्रव्यवहार केला. वडिलांबद्दल लिहिलं. मांस चालणार नाही, मासे चालतील, हेही कळवलं. तिकडून उत्तर आलं की नदीतले मासे ठेवू.

निघायच्या आठवड्यात थोरल्या भावाचा फोन आला. पुतण्याच्या लग्नातली मेहंदी एक दिवस अलीकडे आली होती. "सख्खा चुलता नसला तर बरं दिसत नाही," तो म्हणाला. बस्स, एवढंच. मी जपानहून निघायचं विमान एक दिवस आधीचं घेतलं आणि खानावळीला परस्पर नकार कळवला. बायकोला सांगितलं, त्यांच्याकडे खोली नाही, आपण दिवसा जाऊन येऊ. तिचा चेहरा उतरला, पण तिने तेही मानलं. मला वाटलं, चला, निभावलं.

गाव अगदी व्हिडिओतल्यासारखं होतं. रस्त्याकडेच्या पाटातून पाणी वाहत होतं, ओट्यांवर पेंढ्याच्या चपला टांगल्या होत्या. बायको प्रत्येक उंबरठ्यापाशी थांबायची. कुठे सामान ठेवत असतील, कुठे पाय धूत असतील, मला दाखवायची. इतकी बोलताना मी तिला वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मी मात्र घड्याळाकडे बघत होतो, शेवटची बस चारला होती.

"ती खानावळ बाहेरून तरी बघू," ती म्हणाली. मी तिच्या मागून गेलो.

दारात एक म्हातारी झाडत होती. बायकोने हसून बाहरेनचं नाव घेतलं मात्र, म्हातारीने झाडू टाकून दोन्ही हातांनी तिचे हात धरले. मग ती फोनमध्ये जपानीत काही बोलली आणि फोन हिंदीत बोलला, "आपने आना रद्द किया था। कमरा अभी खाली है। आइए।"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच कान पकडले असते, विमान सोडलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, "यल्ला, चल, बस जाईल."

तिने म्हातारीपुढे मान लववली, माफी मागितली आणि माझ्या पुढे चालू लागली. बसमध्ये तिने एवढंच विचारलं, "मेहंदीसाठी?"

"हो."

"सांगायचं होतंत. मी अडवलं नसतं."

मेहंदीला मी वेळेवर पोचलो. दुसऱ्या दिवशी भावाने विचारलं, "अरे, तू कधी आलास?"

यंदाच्या लीव्हला मी गावाला येत नसल्याचं भावाला आधीच कळवलं. त्याच खानावळीत दोन रात्रींची खोली घेतली आणि बुकिंगचा कागद जेवताना बायकोपुढे ठेवला. आता ती खूश होईल, जुनं सगळं मिटेल, असं मी धरून चाललो होतो. तिने हात धुऊन कागद नीट वाचला.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.

"अगं, पण हे तुझ्यासाठीच..."

"येतो म्हणून न येणाऱ्या गिऱ्हाइकाला अब्बा पुन्हा दारात उभं करायचे नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. भात टाकलेला असतो, अंथरूण घातलेलं असतं. त्या बाईंनी आपल्यासाठी काय काय करून ठेवलं असेल ते तुम्हाला नाही कळणार, मला कळतं. मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

चूक माझी होती, हे त्यांना लिहून कळवतो, असं मी म्हणालो. तसं मी लिहिलंही. म्हातारीचं उत्तर आलं, दोघेही जरूर या. मी ते बायकोला वाचून दाखवलं.

"चांगल्या आहेत बिचाऱ्या," ती म्हणाली, आणि माझ्या एकट्याच्या बॅगेत गरम कपडे भरू लागली.