इटलीहून आलेली दाढीची वाटी

माझं शिक्षण मराठी चौथी. माहेर वऱ्हाडात होतं म्हणून तेवढं तरी झालं; इकडे निजामाच्या राज्यात मुलीला शाळेत कोण घालत होतं? ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाहीत, आणि अक्षर असं की वाण्याला यादी लिहून दिली तर तो उलट मलाच वाचायला लावतो. त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते तेही कळत नाही, कारण हे कोणी वाचावं असं माझ्या मनात नाही. तोंडाने मला चार माणसांत बोलता येत नाही. जे बोलायला पाहिजे होतं ते वेळेवर बोलले नाही, म्हणून लिहिते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे नगरला जाऊन पलटणीत भरती झाले. आमचं गाव राजूरच्या रस्त्यावर; तिथून पलटणीत गेलेले हेच एकटे. त्यांच्याकडे खेचरं सांभाळायचं काम होतं. खेचरांसोबत ते जहाजात बसून इटलीपर्यंत गेले आणि लढाई संपल्यावर परत आले. ट्रंकेत दोन बिल्ले, एक कांबळं आणि दाढीची एक वाटी होती.

वाटीची हकीकत त्यांनी सांगितली ती अशी. तिथल्या हुकूमशहाला त्याच्याच लोकांनी मारलं. एका तळ्याकाठी त्याचा बंगला होता. त्यातलं सामान लष्कराच्या कचेरीने मांडून ठेवलं होतं आणि एकेका वस्तूला चिठ्ठी चिकटवली होती. तरी सामान जायचं ते गेलंच. तिथल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याने ह्यांच्याकडून मटणाचे डबे घेतले आणि ही वाटी दिली. वाटी पितळेची, वरून चांदीचं पाणी दिलेली, पण काळी पडलेली. आत कडेला साबणाचा वाळका थर, आणि त्यात दाढीचे खुंट अडकलेले. बुडाला एक पिवळट कागद, त्यावर टंकलेल्या चार ओळी, गोल शिक्का आणि कोणाची तरी सही.

गावाला हे काही पटलं नाही. हे मुळात गप्पा मारणारे नाहीत. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं नाही. पण लोकांना एकदाच पुरलं. ह्यांचं नाव ‘इटली’ पडलं.

“काय इटली, आज राजाच्या वाटीत दाढी केली का?”

न्हावी तर म्हणायचा, “मला दे ती वाटी. सगळ्या गावाला हुकूमशहा करून टाकतो.”

पाण्यावर बायका मला म्हणायच्या, “इटलीवाल्या बाई, जरा सरका.” मी सरकायची. घरी आले की ह्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. हसण्याचं त्यांना काही वाटत नसे. आपल्याला खोटारडा म्हणतात, हे मात्र त्यांना सोसत नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं, आणि पुढे ह्यांना जालन्यात एका जिनिंगमध्ये चौकीदारी मिळाली. जिनिंगचे मालक मारवाडी जैन शेठ होते, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातच राहिलेले. कापूस हा त्यांचा धंदा, आणि जुन्या वस्तू जमवणं हा नाद. जुनी नाणी, तलवारीच्या मुठी, असलं त्यांच्याकडे कपाट भरून होतं. ह्यांनी भीत भीत वाटी नेऊन दाखवली. शेठजींनी ती उजेडात धरली, उलटी केली, आणि बुडाचा कागद दोनदा वाचला.

“हवालदार, ही चीज तर बराबर दिसून राह्यली.”

“म्हंजे खरी हाय ना, शेठजी?”

“खरी-खोटी मुंबईवाला सांगेल. पण एक ध्यानात ठेव. वाटीचे पैसे दोन रुपये. बाकी सगळे पैसे ह्या कागदाचे आणि ह्या मळाचे.”

ह्यांनी आपले बिल्लेही पुढे केले. शेठजी हसले. “हे तर घरोघर आहेत.”

हे मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं. मला तेव्हा एवढंच वाटलं की जगाचं काही खरं नाही. ज्याने एवढी माणसं मारली त्याच्या खुंटांना मोल, आणि जो बर्फात खेचरं ओढत फिरला त्याच्या बिल्ल्याला नाही. कागदाचं आणि मळाचं जे सांगितलं ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. शेठ थट्टा करत असतील असं वाटलं.

शेठजींनी कागदावरची अक्षरं उतरवून मुंबईला एका गिऱ्हाइकाला पाठवली. तो अशाच वस्तू घेणारा होता. त्याचा होकार आला. स्वतः येऊन बघेन आणि पाचशे देईन, असं त्याने कळवलं. शेठजींनी ह्यांना दीडशे रुपये विसार दिला, तोही निजामाचा हाली रुपया नाही, इंग्रजी कलदार. वाटी तिथेच राहायची होती, पण सेठाणीबाई आतून म्हणाल्या, “कुण्या मांस खाणाऱ्याचं ते खरकटं भांडं माझ्या घरात एक रात बी ठेवायचं न्हाई.” म्हणून हे वाटी परत घेऊन आले.

त्या दीडशेचं काय केलं तेही लिहिते. ह्यांनी राजूरच्या गणपतीला नैवेद्य केला आणि सगळ्या गावाला पंगत दिली. लापशी, वांग्याची भाजी, वरण, भात. ज्यांनी ‘इटली’ म्हटलं त्या प्रत्येकाला घरी जाऊन बोलावलं. वाढताना हे कोणाला काही बोलले नाहीत, नुसते आग्रह करत होते. न्हाव्याच्या पानात तर त्यांनी स्वतः तूप वाढलं. न्हावी म्हणाला, “आपुन उगंच बोल्लो बुवा. माणूस खरा निघाला.” ते शब्द ऐकून ह्यांचा चेहरा जसा झाला तसा मी लग्नातही पाहिला नव्हता.

मुंबईचं गिऱ्हाईक यायचं त्याच्या आदल्या दिवशी हे पाळीवर होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन वाटी घेऊन जाणार होते. मी ती फळीवरून काढली. सेठाणीबाईंचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरी भांडं जायचं, तेही जैनांच्या, आणि खरकटं? त्या काय म्हणतील? ह्याच्या घरात बाई आहे की नाही? साधी शेजारणीची वाटी परत करायची तरी मी घासून, पुसून, वर चिमूटभर साखर घालून देते. मला तशीच सवय. मी चिंच भिजवली, राख घेतली आणि ती वाटी घासायला बसले.

साबणाचा थर निघाला. काळं निघालं. काळ्याबरोबर चांदीचं पाणीही निघालं हे मला समजलं नाही. आतून पिवळं पितळ लखलखायला लागलं तेव्हा मला आनंद झाला. बुडाचा कागद ओला होऊन कडेने सुटला. दवाखान्याच्या बाटलीवर असतो तसला कागद वाटला. मी तो नखाने खरवडून चुलीत टाकला. चौथी शिकलेली बाई मी. कागदावर शिक्का आहे, हेही मला थांबवू शकलं नाही.

हे सकाळी आले. फळीवर वाटी चमकत होती. त्यांनी ती घेतली आणि दारात उजेडाला जाऊन उलटी केली.

“कागद?”

मी चुलीकडे बघितलं.

ते उंबऱ्यावर बसले. वाटी हातात फिरवत म्हणाले, “लई चांगली घासली.” त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तेच मला जास्त लागलं. मग उठून वाटी पंच्यात बांधून जालन्याला गेले.

तिथे काय झालं ते मला मागाहून जिनिंगच्या दुसऱ्या माणसांकडून कळलं. गिऱ्हाइकाने वाटी बघितली आणि शेठजींच्या तोंडाकडे बघून हसलं. शेठजींना फार अपमान वाटला. ते म्हणाले, “हवालदार, ती काळी होती, ही पिवळी. तिला कागद होता, हिला न्हाई. अस्सल माल दुसरीकडं इकला आन्‌ तांबट आळीतून नवी वाटी आणली, बोल!”

“शेठजी, तीच हाय ही.”

“मंग कागद कुठं गेला?”

“गेला.”

एवढंच ते बोलले. बायकोने घासली, हे दोन शब्द बोलले असते तर सुटले असते. बोलले नाहीत. मी पुढे कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, “बाजारात घरच्या बाईचं नाव घेऊ व्हय? लोकं उद्या तुला काय म्हणतील?”

शेठजींनी नोकरीवरून काढलं आणि विसार परत मागितला. लबाड माणूस चौकीला कसा ठेवायचा, त्यांचंही खरंच होतं. गावात बातमी ह्यांच्या आधी पोचली. ज्यांनी पंगतीत लापशी खाल्ली होती तेच म्हणायला लागले, “इटलीनं शेठाला टोपी घातली आन्‌ आपल्याला जेवू घातलं.” आता खोटारडा नाही, चोर. आणि मला सगळं माहीत असून मी पाण्यावर जाऊन घागर भरून घरी येत होते. एकदा सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “दोर जरा द्या.”

ह्यांनी बदनापूरच्या सरकारी शेतावर रोजंदारी धरली. मी कापूस वेचायला जायची, लोकांच्या गोधड्या शिवायची. जमेल तसे पाच, दहा रुपये हे शेठजींना नेऊन देत. शेठजी घेत, बसा म्हणत नसत. मधल्या काळात हाली रुपया गेला, सगळीकडे कलदारच झाला. आमचं फेडणं चालूच होतं. वर्षं गेली.

शेवटचे अठरा रुपये राहिले होते. ते जमले त्या आठवड्यात हे तापाने पडले. मी म्हटलं, “मी देऊन येते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. जालन्याला मी एकटी कधी गेले नव्हते.

मोटारीने गेले. शेठजी गादीवर होते. त्यांच्यासमोर जायचा धीर झाला नाही, म्हणून मी आधी मागच्या दाराने सेठाणीबाईंकडे गेले. त्या डाळ निवडत बसल्या होत्या.

“कोण बाई तुम्ही?”

मी सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी खाली बघूनच बोलले. “बाई, ती वाटी बदलली नव्हती. मी घासली होती. तुम्ही खरकटी म्हणाल्या म्हणून. कागद मीच जाळला.”

पहिल्यांदा त्यांना काही उमगलं नाही. मग त्या म्हणाल्या, “मी म्हणले म्हणून?”

“हो.”

“हे राम. अन्‌ मी बी घासलीच असती की! तशी घरात घेतली असती काय?” त्यांना हसू आलं, पण माझ्याकडे बघून त्यांनी ते आवरलं. “मंग तुमच्या मालकांनी इतकी वर्षं सांगितलं काहून न्हाई?”

त्या उठल्या, पदर सावरला आणि मधल्या दारात उभं राहून शेठजींना सगळं मोठ्याने सांगितलं, गादीवरच्या दोन दलालांच्या देखत. माझ्या आयुष्यात माझं नाव बाजारात पहिल्यांदा निघालं ते असं. कानशिलं तापली, पण मी पळाले नाही.

शेठजींनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “म्हणजे तो माणूस बिलकुल खरं बोलत होता.”

“हो,” मी म्हटलं. आणि नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या.

“राहू द्या, बाई. आता हे मी कसं घेऊ?”

“घ्या,” मी म्हटलं. “पंगत आम्ही घातली होती.”

दलाल एकमेकांकडे बघत होते. शेठजींनी नोटा उचलल्या आणि मोजल्या. अठरा भरल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण मला मोटार गाठायची होती. दीडशे रुपये पुरे फिटले.