केरसुणी टीचर

माझ्यासारखीनं टीचरांवर लिहावं, हे मलाच पटत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लिहायची सवय नाही, आणि या बाबतीत तर तोंडही नाही. तरी लिहिते. चुकलं तर माफ करा.

कोल्हापूरच्या आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेत चौथीला आजऱ्याच्या टीचर होत्या. त्यांच्या टेबलाशी छडी नसायची, केरसुणी टेकवलेली असायची. म्हणून पोरं त्यांना केरसुणी टीचर म्हणायची. शनिवारी सगळा वर्ग व्हरांड्यात. आधी लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढायचं, मग पाळीपाळीनं झाडायचं, केरात सापडलेल्या पानांची, किड्यांची नावं वहीत लिहायची, शेवटी प्रार्थना. शाळेच्या भिंतीवर ‘श्रमप्रतिष्ठा’ रंगवलेलं होतं. टीचर म्हणायच्या, “भिंत वाचून काय होतंय, बाबू? वाकून बघ.”

माझी आई त्याच शाळेत मावशी, म्हणजे झाडलोटीला. माझी पाळी आली तशी पोरं खुसखुसली, “हिला काय शिकवायचं? हिच्या घरातच हाय की!” टीचरांनी केरसुणी काढून घेतली आणि माझ्या हातात मोजायची टेप दिली. “तुझ्या घरचं माणूस रोज झाडतं गो. तू मोजायचं.” वर्षभरात मी एकदाही झाडलं नाही.

मग एका व्यापारी पालकांनी वर्गाच्या दारातच आवाज चढवला, “फी भरून पोरगी झाडू मारायला धाडलीया व्हय आमी?”

टीचर हसल्या. “क्षेत्रफळ विचारून बघा तिला. बरोबर सांगेल.”

ते आणखीच भडकले. लेखी तक्रार गेली. पण जबाबाला स्वतःची पोरगी कुणी पुढं करेना. मला बोलावलं.

ऑफिसबाहेर आईनं माझा दंड धरला. “सिस्टर म्हंतील त्याला व्हय म्हण. माझं काम हाय हितं.”

मुख्याध्यापिका सिस्टरांनी विचारलं, “टीचर तुला जबरदस्तीनं झाडायला लावतात?” टीचर समोरच उभ्या होत्या.

मी म्हणाले, “हो.”

टीचरांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या आईकडं. सोमवारी वर्गावर नव्या बाई आल्या. आईचं काम राहिलं. त्या वर्षी प्रगतिपुस्तकात ‘सचोटी’पुढं मला ‘अ’ मिळाला.

परवा कॉलेजात आजऱ्याची एक मुलगी भेटली. टीचर तिच्याच गल्लीतल्या निघाल्या. मी विचारलं, “आता कुठल्या शाळेत असतात?”

“शाळेत कुठल्या? काजूच्या कारखान्यात काजू सोलायच्या की. जातील त्या शाळेत जुन्या शाळेचा कागद मागायचे, त्यात कुठल्या पोरीचा जबाब. कुनी घेतलंच न्हाय. गेल्या त्या, दिवाळीच्या आधी.”