जेवलास की जेवलीस

बारावीनंतर क्लाससाठी मी लातूरला खोली करून राहत होते. मुखेडला घरी सगळे मला मुलगाच समजत. फोनवर माझ्यासारख्यांचा एक ग्रुप सापडला. तिथं एका अनोळखी मुलीनं विचारलं, "तुला जेवलास म्हणू का जेवलीस?" असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. भीत भीत लिहिलं, "मी जेवले." कुणी हसलं नाही. तिनं फक्त भाजी कोणती होती ते विचारलं.

दिवाळीत धीर करून मोठ्या बहिणीला सांगितलं, मी मुलगी आहे. ती म्हणाली, "मला समदं कळलं न्हाई. पण आईला सांगशील तवा मी संगं बसते."

आईला सांगायचं अजून राहिलंय. बहीण मात्र फोन ठेवताना हळूच म्हणते, "नीट राहा, बाई."