बहिणीला न सांगितलेला सल्ला

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. माझी धाकटी बहीण केळझरच्या शाळेत शिकवायची. एक दिवस फळ्यावर लिहितालिहिताच ती कोसळली, फिटचा झटका आला. मी वर्ध्याला कचेरीत कारकून. वडील गेल्यापासून घरात मोठा मीच. तिला नागपूरला नेलं. तिथे मानेत सुई टोचून औषध सोडलं आणि मेंदूतल्या शिरांचे फोटो काढले. डाव्या बाजूला, छत्रीच्या काड्या दांड्याशी मिळाव्यात तशा बारीक शिरा एका जाड शिरेला मिळालेल्या दिसत होत्या.

तरुण सर्जन म्हणाले, "हा गुच्छ काढून टाकू. राहिला तर कधी फुटेल सांगता येत नाही."

वयस्कर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "ही शीर वेडीवाकडी असली तरी कामाची आहे. त्या भागातलं रक्त हिच्यातूनच परत जातं. माझं ऐकाल तर हात लावू नका, गोळ्यांवर भागेल. बहिणीला दोन्ही मतं सांगा, मग ठरवा."

ती बाहेर बसली होती. "काय म्हणते डॉक्टर?"

"ऑपरेशन करा लागते म्हणते."

"दोघंई?"

"हो."

तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. जन्मभर गोळ्या खाणारी मुलगी कोण करून घेईल? ऑपरेशन झालं, बरी झाली, असं लोकांना सांगता आलं असतं. तिच्या जिवाची काळजी मला नव्हती असं नाही. पण लोकांना काय सांगायचं, ही काळजी मोठी होती.

"तू म्हणतं तर करून टाकू, दादा," ती म्हणाली.

शीर काढली आणि मेंदूचा तेवढा भाग सुजला. उजवा हात गेला, वाचा गेली. काही महिन्यांनी थोडे शब्द परत आले. नोकरी सुटली, स्थळानं नकार कळवला. ती डाव्या हातानं लिहायला शिकली. कोणी भेटायला आलं की अडखळत सांगायची, "दादानं... वाचवलं." मी मान खाली घालून चहा ओतत राहायचो. अशी सहा वर्षं गेली.

मग नागपूरला एका नव्या डॉक्टरांनी जुने फोटो पाहिले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "अशा शिरांना आता सहसा कोणी हात लावत नाही."

परतीच्या एसटीत मी सांगून टाकलं, "तेव्हाई एक डॉक्टर नको म्हणत होते. मी तुले सांगितलं नाई."

सेलू मागे पडलं. मग ती म्हणाली, "तू... मले... इचाराचं... होतं."

वर्ध्याला उतरताना मी हात पुढे केला. तिनं डाव्या हातानं दांडी धरली आणि एकटीच उतरली.

घरी आल्यावर माझ्या कपाटातले आपले दवाखान्याचे सगळे कागद, फोटो तिनं काढले, एकेक करून आपल्या पेटीत ठेवले. मी दारात उभा होतो.