उष्टा डोनट

डोनटवरच्या साखरेचा वास आला की मला अजूनही माझं जुनं ऑफिस आठवतं.

फार वर्षांपूर्वी, अमेरिकेत हर्नडन गावातल्या आमच्या ऑफिसात लिंडा सेक्रेटरी होती आणि मी कॉम्प्युटर ऑपरेटर. ती दिवसभर फोन सांभाळायची, चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांत करायची. मी आतल्या गारठलेल्या खोलीत बसून मशीनवर बिलं काढायचे. सुई आणि कात्रीत सरस कोण, असं कुणी विचारतं का? पण आमच्या साहेबाला तीच हौस. एकदा त्याने आम्हा दोघींना समोर उभं केलं, दोघींच्या कामाचे मार्क मोठ्याने वाचले आणि मला म्हणाला, "यू विन!" मग हातातला अर्धा खाल्लेला डोनट बक्षीस म्हणून माझ्यापुढे धरला. त्यावर त्याच्या दातांच्या खुणा, बोटांना चिकटलेला पाक, मिशीत साखर. लिंडाची मान खाली. शी! मी ते उष्टं दोन बोटांत धरलं आणि त्याच्यादेखत त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

आज सकाळी मुलगा घरूनच काम करत होता. डोनट खाता खाता म्हणाला, "आई, आमची सेक्रेटरी आणि ऑपरेटर, दोघींना रँक करायचंय. जी खाली येईल तिला काढणार. इट्स जस्ट डेटा." आणि उरलेला तुकडा माझ्यापुढे केला. "घे ना, संपव."

त्याचं उष्टं मी त्याच्या लहानपणापासून खात आलेय. आज पहिल्यांदा ते तोंडात घालवेना.