मृदंग इकडं, टाळ तिकडं

मंगळवारी पैनगंगेपलीकडं जाऊन आलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही... म्हटलं, तुमच्यापाशी तरी बोलावं.

झालं असं, माझी पुतणी सविता हैदराबादला असते, तिनं मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. शहरात कसलासा मोठा कला महोत्सव आहे. 'सीमा आणि एकजूट' या विषयावर काय सादर कराल ते कलाकारांनी लिहून पाठवावं, असं त्यात होतं. खाली तिनं लिहिलं, "काका, हे तुमच्यासाठीच आहे. नाही म्हणू नका."

मी कसला कलाकार... उभा जन्म जैनथकडं पिठाची गिरणी चालवली. शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगूत. मराठी वाचायला शिकलो ते पोथीवरून. पण मृदंग वाजवतो, अन् आमच्या भजनाची गोष्ट सविताला ठाऊक आहे.

आमचं गाव तेलंगणात, नदीपलीकडचं महाराष्ट्रात. भजनी मंडळ मात्र दोघांचं एकच. आजोबांच्या काळात, इकडं निजाम अन् तिकडं इंग्रज असताना, वाळूतल्या खरबुजाच्या वाड्यांवरून दोन्ही गावं कडाकडा भांडली. भावांनी रुसून भांडी वाटून घ्यावीत तशी वाद्यं वाटली... मृदंग आमच्याकडं, टाळ त्यांच्याकडं.

मग काय. इकडं नुसत्या मृदंगावर भजन रंगेना, तिकडं टाळांना ठेका मिळेना. दोन एकादश्या कशाबशा काढल्या, तिसरीला टाळवाले आपणहून नदी उतरून आले. तेव्हापासून वाद्यं मुद्दाम तशीच ठेवली. एका एकादशीला टाळ इकडं यायचे, पुढच्या एकादशीला मी मृदंग डोक्यावर घेऊन पाण्यातून तिकडं जायचो. भांडण कितीही मोठं असलं तरी त्याला पंधरा दिवसांचीच मुदत.

तेच अर्जात लिहिलं. मी या काठावर मृदंग वाजवीन, माझा मित्र किसन त्या काठावर टाळ धरील, अन् लोकांनी मध्ये पाण्यात उभं राहून ऐकावं. सविता म्हणाली, काका, नक्की निवडतील. फक्त पलीकडच्या सहकाऱ्याची सही पाहिजे.

खरं सांगतो, दोन वर्षं आमचं येणं-जाणं नव्हतं. गुडघे, कापसाची वेचणी, पाणी... कारणं काही कमी नसतात. त्यातून कानावर आलं होतं की निवडणुकीत कुणी तरी त्यांच्या मंडळाला नवा मृदंग दिला. ते मनात खुपत होतं.

पुलावरून फेरा घेऊन ऑटोनं गेलो. किसनच्या ओसरीत नवा मृदंग टांगलेला, लाल खोळीवर देणाऱ्याचं नाव. मी बसता बसताच टोमणा मारला, "काऊन किसन, नवा भेटला म्हून जुन्याले इसरला का?"

तो हसला नाही. म्हणाला, "पयले तुमी इसरले."

"आमी काय केलं?"

"तुमच्या देवळात नवे टाळ आले ना त्या साली? त्या एकादशीले आमी टाळ घेऊन, चपला घालून इथंच बसून होतो. निघतच होतो. अन् नदीवरून आवाज आला... तुमचं भजन सुरू झालं होतं. आमाले आयकू आलं, बापा."

ते मला आठवलं... आमच्याकडंही निवडणूकच होती, एक जण देवळात टाळांची पेटी ठेवून गेला. घेतल्याची सही माझी. अन् त्या एकादशीला मीच मंडळाला म्हणालो होतो, "पाणी चढलंय, किसनला कशाला त्रास, आज आपल्याच टाळांवर होऊन जाऊ द्या." चांगल्या मनानं म्हणालो होतो. निरोप धाडायचा तेवढा राहिला.

"मृदंग त्याच्या मंगच आला," किसन म्हणाला. "आमी नाही मागतला. आला, ठेवून घेतला."

मग त्यानं हात पुढं केला. "सविताचा फोन आला होता. सही पायजे ना? दे कागद, करतो. त्याच्यासाठीच आलास."

कागद माझ्या खिशात होता. मी काढला नाही... काय म्हणून काढणार.

चहा झाला. निघताना वहिनी आतून पिशवी घेऊन आल्या. जुने टाळ. चिंचेनं घासून लख्ख केलेले, दोऱ्या नव्या विणलेल्या. "घेऊन जा भाऊजी. इथं पडून पडून हिरवे पडून राह्यले होते."

मी किसनकडं पाहिलं. वाटलं, आता म्हणेल, राहू दे, ते आपल्याकडंच असतात. तो उठला अन् ऑटो थांबवायला रस्त्यावर गेला.

येताना पिशवी मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला टाळ आपापसात वाजत होते, अन् मी वरून हात दाबून धरत होतो.

अर्जाची मुदत उद्या संपते. सगळे रकाने भरलेत, सहकाऱ्याचा मोकळा आहे. सविताचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. निजामानं, इंग्रजानं, नंतरच्या सरकारांनी आखलेली रेघ आम्ही पायानं ओलांडत आलो... अन् मी चांगुलपणा करायला गेलो अन् तीच पक्की करून बसलो.

टाळ घासून, दोऱ्या विणून दिल्या, वहिनींचे उपकार फिटणार नाहीत. पिशवी खुंटीला टांगली आहे. उघडायची छाती होत नाही... वाजले तर पलीकडं ऐकू जातील.